सहा ते आठ

[दृश्य: माद्रिद, संध्याकाळ. प्रादो म्युझियमबाहेरची रांग. मागे गोयाचा पुतळा.]

साडेपाच वाजलेत. प्रादो, म्हणजे माद्रिदचं मोठं चित्रसंग्रहालय, सहाला फुकट होतं आणि रांग आत्ताच पुतळ्याला वळसा घालून पार मागे गेलीये. पंढरपूरला मुखदर्शनाची वेगळी रांग असते ना, तसलाच हा प्रकार. निवांतपणा नाही, पण दर्शन घडतं.

पूर्ण तिकीट १५ युरो. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना कार्ड दाखवलं की दिवसभर मोफत. मी सव्वीसची. आधी तीन वर्षं नोकरी केली, पैसे साठवले, मग शिकायला आले, त्याचा हा दंड. तेव्हा सोमवार ते शनिवार सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात, एवढीच माझी वेळ. पंधरा युरोत माझी आठवड्याची भाजी येते हो.

[दृश्य: दारातून आत शिरणारी माणसं. मग काळा पडदा.]

आता थोडा वेळ पडदा काळाच राहणार आहे. प्रादोत फोटो काढू देत नाहीत, व्हिडिओचं तर नावच नको. तेव्हा पुढचं कानांनी बघा.

पहिल्या खेपेला मी दोन तासांत सगळं उरकायचं ठरवलं होतं. हातात नकाशा. एल ग्रेको झाला, टिशियन झाला, रुबेन्स झाला. बॉशच्या त्या गर्दीच्या चित्रापुढे तर मीच गर्दीत चेंगरले. दुसऱ्या दिवशी आईनं फोनवर विचारलं, काय काय पाहिलंस गं? मला नीट एकही चित्र सांगता येईना. तळपाय दुखतायत, एवढंच सांगितलं. तेव्हापासून एका खेपेला एकच चित्र. फार तर दोन.

स्पेनच्या राजदरबारचा चित्रकार वेलाझ्केझ, त्याचं 'लास मेनिनास', १६५६ सालचं, तीन मीटरहून उंच. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, भोवती दासी. डावीकडे हातात ब्रश घेऊन स्वतः चित्रकार, पण त्याच्या कॅनव्हासची पाठ आपल्याकडे. मागच्या आरशात राजाराणी अंधूक दिसतात, म्हणजे ते दोघं उभे असणार ते आपल्याच जागी. हे सगळं पुस्तकांत वाचलेलं असतं. पुस्तकात कळत नाही ती राजकन्येच्या झग्यावरची चंदेरी नक्षी. जवळ गेलं की ती नक्षी नसतेच. नुसते पांढरे-करडे फटकारे, घाईत ओढल्यासारखे. दोन पावलं मागे या, रेशीम चमकायला लागतं. मी तीन वेळा पुढेमागे केलं, तेव्हा खोलीतल्या रखवालदार बाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

उजव्या कोपऱ्यात एक पोरगा कुत्र्याच्या पाठीवर पाय देतोय. कुत्रा डोळे मिटून बसलाय, रोजचीच कटकट असल्यासारखा. आणि चित्रकाराच्या छातीवर लाल क्रूस, सांतियागो नावाच्या सरदार-पंथाची खूण. तो मान त्याला मिळाला १६५९ मध्ये. म्हणजे चित्र झाल्यावर क्रूस मागाहून चढवलाय. खुद्द राजानं रंगवला अशी एक आख्यायिका आहे. असो.

आज मात्र मी दुसऱ्याच कुत्र्यासाठी आलेय.

१८१९ मध्ये प्रादो लोकांना खुलं झालं. त्याच साली बहात्तर वर्षांच्या गोयानं, बाहेर पुतळा आहे त्याच चित्रकारानं, गावाबाहेर एक घर घेतलं. त्या घराला लोक 'बहिऱ्याचं घर' म्हणत, आणि तेही आधीच्या मालकावरून. योगायोग असा की गोयालाही तोवर ऐकू येईनासं होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. त्या घराच्या भिंतींवर त्यानं थेट चौदा चित्रं काढली. कुणी मागितली नव्हती, कुणाला विकायची नव्हती. त्यांना नावंही दिली नाहीत, आज आहेत ती इतरांनी ठेवलेली. पुढं १८७४ नंतर ती भिंतीवरून उतरवून कॅनव्हासवर घेतली. त्यात बरंच काही गेलंही.

त्यातलं हे 'कुत्रा'. उंच, अरुंद चित्र. खाली तपकिरी उतार. उताराच्या कडेवर कुत्र्याचं डोकं, बस. कान मागे पडलेले, नजर वर. वर काय आहे? काहीच नाही. मळकट पिवळा रंग, चित्राचा तीनचतुर्थांश भाग भरून. तो बुडतोय का उताराआडून डोकावतोय, मला चार खेपांत ठरवता आलेलं नाही. शेजारीच त्याच घरातलं दुसरं चित्र, स्वतःच्या पोराला खाणारा शनी, म्हणजे रोमन पुराणातला सॅटर्न. गर्दी त्याच्यापुढे. कुत्र्यापुढे कुणी आलं तर अर्धा मिनिट थांबतं आणि गप्प होऊन जातं.

आठला दहा मिनिटं असतानाच खोल्या रिकाम्या करायला लागतात.

[दृश्य: पडदा उजळतो. रस्ता, झाडं, अतोचा स्टेशनकडे जाणारी माणसं.]

दहा-बारा मिनिटं चाललं की रेना सोफिया, आधुनिक चित्रांचं संग्रहालय. जुन्या हॉस्पिटलची इमारत. मंगळवारी बंद. इथली फुकटाची वेळ नऊपर्यंत.

[दृश्य: मोबाइलवर घेतलेलं चित्रण. 'गेर्निका'समोरची गर्दी.]

'गेर्निका', म्हणजे त्या नावाच्या गावावरच्या बॉम्बहल्ल्याचं पिकासोचं चित्र. त्याचे फोटो २०२३ पासून काढू देतात, म्हणून हे दाखवता येतंय. पावणेआठ मीटर रुंद. त्यानं ते १९३७ मध्ये पॅरिसमध्ये काढलं, आणि स्पेनमध्ये आलं थेट १९८१ ला. मी मागे सरकत समोरच्या भिंतीला टेकले तरी फ्रेममध्ये मावत नाही. एकीकडे बैल फ्रेमबाहेर राहतो, दुसरीकडे जळणारी बाई. मधे लोकांची डोकी आणि वर धरलेले फोन. त्यातला एक माझा.

[दृश्य: भाड्याची खोली. सकाळ. खिडकीत वाळत टाकलेले कपडे.]

सकाळी आईचा फोन. काल काय पाहिलंस?

"एक कुत्रा."

"फोटो पाठव."

"नाही काढता येत गं. आणि कुत्रा तरी कुठे अख्खा आहे, फक्त डोकं दिसतं."

"अगं बाई," आई म्हणाली. "मग बाकीचा कुठाय?"