झारीतला शुक्राचार्य

(वेंगुर्ल्यात एका वाचनालयाच्या अंगणात जानेवारीच्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे माडाला टेकून उभे आहात त्यांनी पुढे सतरंजीवर आलात तरी चालेल. मी फार वेळ घेणार नाही. ज्याच्याबद्दल बोलायचंय तो शुक्र ग्रह साडेनऊच्या सुमारास समुद्रात बुडणार आहे, आणि त्याआधी तो तुम्हाला दुर्बिणीतून दाखवायचाय.

एखाद्या साकवाचे पैसे मंजूर होतात, पण गावापर्यंत पोचत नाहीत. मधे कुणीतरी बसलेला असतो. त्याला आपण काय म्हणतो? बरोबर, झारीतला शुक्राचार्य. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बळी वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघाला, दानाचं पाणी सोडणार, तेवढ्यात त्याच्या गुरूंनी ओळखलं की हा बटू काही साधा नाही. ते बारीक रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. वामनानं दर्भाची काडी घातली. पाणी वाहिलं आणि शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. पैसे अडवणाऱ्याचा डोळा हल्ली काही फुटत नाही, तो भाग वेगळा.

लहानपणी एकदा पहाटे रापणीवर गेलो होतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस. भरतीचं पाणी खाडीच्या तोंडातून आत शिरलेलं, आणि त्या काळ्या पाण्यावर पूर्वेकडून एक बारीक उजेडाची रेघ थेट माझ्या पायांपर्यंत आलेली. मी ओरडलो, ‘गलबत इला!’ जाळं आवरणारा म्हातारा मान वर न करताच म्हणाला, ‘झिला, ता गलबत नाय. शुक्र तो.’ मग मी मागे वळलो, तर पुळणीवर माझीच फिकट सावली पडलेली. चंद्र नसताना. शुक्राच्या उजेडात सावली पडते हे पुस्तकात मी पुष्कळ नंतर वाचलं. आता बंदरावर इतके दिवे आहेत की ती दिसायची नाही, पण दिवे नसलेल्या एखाद्या पुळणीवर काळोखात पांढरा कागद अंथरून बघा.

इतका चमकतो कशाने? ढगांनी. शुक्राभोवती दाट ढगांचं आवरण आहे आणि त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातलं साधारण तीन चतुर्थांश ऊन ते परत फेकतं. म्हणजे ज्याच्यामुळे तो दिसतो, त्याच्याचमुळे आतलं काही दिसत नाही. पृथ्वीच्या इतक्या जवळ दुसरा कुठलाच ग्रह येत नाही, आणि इतका झाकलेलाही दुसरा शेजारी नाही. स्वतःच्याच झारीत बसलाय म्हणा ना.

पण ढग ही नंतरची गोष्ट. दुर्बीण यायच्या आधी माणसाने त्याची एकच खोड पाहिली होती, ती म्हणजे नाहीसं होणं. शुक्र सूर्यापासून ४८ अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर कधीच दिसत नाही. सूर्याच्या पलीकडे गेला की दीडदोन महिने गायब. आपल्या पंचांगात शुक्राचा अस्त लिहिलेला असतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि मंगल कार्यालयवाले हातावर हात धरून बसतात. सूर्याच्या अलीकडून गेला, तर मात्र आठवडाभरातच परत येतो. संध्याकाळी पश्चिमेला बुडालेला, तो पहाटे पूर्वेला हजर! मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या एका पोथीत, जी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, हा ५८४ दिवसांचा फेरा २३६, ९०, २५० आणि ८ असा तोडून मांडलाय. तो शेवटचा आठ बघा, तो अलीकडून जातानाचा. बाबिलोनच्या लोकांनी अम्मिसदुका राजाच्या काळात २१ वर्षं त्याचे उदयास्त टिपले. विटेच्या मातीवर कोरलेल्या त्याच्या नकला अजून आहेत. असे पाच फेरे म्हणजे जवळपास नेमकी आठ वर्षं. आज इथून तो जिथे दिसतोय, साधारण तिथेच आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत होता.

आता मला सांगा, मरून परत येणारा हा ग्रह, आणि आपल्याकडे संजीवनी विद्या नेमकी कोणाकडे? शुक्राचार्यांकडे. देवांच्या गुरूकडे ती नाही. म्हणून ती शिकायला देवांकडून आलेल्या कचाची राख मद्यात मिसळून असुरांनी ती शुक्राचार्यांनाच पाजली. मग पोटातल्या कचाला त्यांनी विद्या शिकवली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला उठवलं. महाभारताच्या शांतिपर्वात तर उशना, म्हणजे हेच शुक्राचार्य, स्वतःच शंकराच्या पोटात जातो आणि बाहेर येतो तो शुक्र होऊन. पोटात जाणं, बाहेर येणं. अस्त आणि उदय. याला पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, हा माझा आपला अंदाज; पण ज्यांनी या गोष्टी रचल्या ते पहाटे उठून आभाळाकडे बघणारे लोक होते, एवढं मी पैजेवर सांगेन. आणि हाच उशना गीतेच्या दहाव्या अध्यायात येतो, ‘कवीनामुशना कविः’. असुरांचा गुरू, पण कवींमध्ये भगवंत म्हणतात तो मी.

याच तालुक्यातल्या शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळेत शिकवत होते. पुढे त्यांनी ‘ययाति’ लिहिली, तिला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. ययातीला अकाली म्हातारपणाचा शाप देणारे हेच शुक्राचार्य. शिरोड्याच्या किनाऱ्यावरून मास्तरांनी हा ग्रह कितीदा मावळताना पाहिला असेल!

दुर्बिणीकडे येऊ. १६१०च्या शेवटी गॅलिलिओला शुक्राच्या कला दिसल्या, चंद्रासारख्या. कोर, अर्धा, जवळपास पूर्ण. शुक्र पृथ्वीभोवती फिरत असता तर जुन्या मांडणीप्रमाणे त्या सगळ्या कला दिसल्याच नसत्या. सूर्याभोवती फिरणारं काहीतरी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं ते हे.

मग आली अधिक्रमणं. सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकत जातो, त्याला अधिक्रमण म्हणतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याच्या वेळा मोजल्या तर सूर्य किती लांब आहे ते काढता येतं, हे हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सुचवून ठेवलं होतं. त्यासाठी ल जांतील नावाचा फ्रेंच माणूस १७६०मध्ये पाँडिचेरीला यायला निघाला. ६ जून १७६१चं अधिक्रमण गाठायचं होतं. मलबार किनाऱ्याशी, माहेजवळ आल्यावर त्याला कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलंय. जहाज मागे फिरलं. ६ जूनला आभाळ स्वच्छ, आणि हा हलत्या डेकवर. दर्यावर लंबकाचं घड्याळ चालत नाही. त्याने पाहिलं सगळं, उपयोग शून्य. अधिक्रमणं जोडीने येतात, पुढचं आठ वर्षांनी. म्हणाला, थांबतो.

थांबला! हिंदी महासागरातली बेटं पालथी घातली, मनिलाला जाऊन आला, शेवटी पाँडिचेरीत वेधशाळा बांधली. तिथे एका तमिळ गणित्याकडून ग्रहणाचं गणित शिकला. त्या पद्धतीने १७६५च्या एका चंद्रग्रहणाचा कालावधी काढला तर तो ४१ सेकंदांनी कमी आला, आणि युरोपातल्या मायरच्या कोष्टकांनी ६८ सेकंदांनी जास्त. आपल्या जुन्या गणिताचा उगाच डंका पिटणारे आणि त्याला उगाच हसणारे, दोघांनीही हे आकडे लिहून घ्यावेत. ४ जून १७६९ची पहाट उजाडली. ढग. अधिक्रमण संपलं आणि थोड्याच वेळात ऊन पडलं. १७७१मध्ये घरी पोचला तेव्हा तिकडे तो मेला असं धरून वारस इस्टेटीची वाटणी करत होते आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती.

मला हसू येत नाही. ६ जून २०१२ला सकाळी मी स्वतः काळ्या काचेचा चष्मा घेऊन गच्चीवर उभा होतो. मिरगाच्या तोंडावर आपल्याकडे आभाळ कसं असतं ते तुम्ही जाणता. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७मध्ये.

ल जांतील डेकवर चडफडत होता त्याच दिवशी रशियात पीटर्सबर्गला लोमोनोसोव या शास्त्रज्ञाने शुक्राच्या कडेला उजेडाचा फुगवटा पाहिला आणि म्हणाला, याला वातावरण आहे. इथून पुढची दीडशे वर्षं तर्काची गाडी सुसाट. वातावरण आहे, ढग आहेत. ढग म्हणजे पाणी. पाणी म्हणजे दलदल. दलदल म्हणजे झाडी आणि जनावरं. रसायनातलं नोबेल मिळवलेल्या आऱ्हेनियसने १९१८मध्ये लिहिलं की शुक्राचा बराच भाग दलदलीचा असावा. मग कथाकारांना कोण अडवणार? रे ब्रॅडबरीच्या शुक्रावर पाऊस थांबतच नाही, माणसं त्याने वेडी होतात. सी. एस. लुइसच्या शुक्रावर समुद्र आणि त्यावर तरंगणारी बेटं. वाचताना मला सारखं वाटायचं, अहो, हा आपला आषाढ! कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, पायात चिखल. कोकणात जन्मलेल्या माणसाला त्या कथा अद्भुत वाटायच्याच नाहीत.

दुसरीकडे आणखी एक गंमत चालली होती. थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढविद्येच्या नादाची मंडळी, १८७९ला मुंबईत उतरली, तिथून पुढे अड्यारला गेली. त्यांच्या पुढच्या ग्रंथांत आपल्या पुराणातला सनत्कुमार, ब्रह्मदेवाचा तो कायम पोर राहिलेला मुलगा, लाखो वर्षांपूर्वी शुक्रावरून पृथ्वीवर उतरला असं आलं. पुराणात त्याला शुक्राचा पत्ता कोणी दिलेला नाही. आणि १९५२मध्ये अमेरिकेत जॉर्ज ॲडम्स्की म्हणाला, मला वाळवंटात शुक्रावरचा माणूस भेटला, लांब सोनेरी केसांचा. कचाची गोष्ट रचणाऱ्याने निदान ग्रहाकडे बघितलं तरी होतं.

दहा वर्षांनी, डिसेंबर १९६२मध्ये, अमेरिकेचं मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं आणि दलदल एका फटक्यात वाळली. जमिनीवर साडेचारशे अंशांच्या वर तापमान, शिसं वितळेल इतकं. दाब आपल्या नव्वदपट. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. उष्णता आत येते, बाहेर जायला वाट नाही. ढगही पाण्याचे नव्हेत, सल्फ्युरिक आम्लाचे. आणि ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय’ असं आपण म्हणतो ना, तिथे तो खरोखरच पश्चिमेला उगवतो, कारण ग्रह उलटा फिरतो.

तरी रशियनांनी यानं उतरवलीच. १९७०मध्ये व्हेनेरा ७ने जमिनीवरून २३ मिनिटं क्षीण संदेश पाठवले. मार्च १९८२मध्ये व्हेनेरा १३ तर १२७ मिनिटं तगलं, रंगीत फोटो धाडले: चपटे, थरांचे खडक, नारिंगी उजेड. चारच दिवसांनी व्हेनेरा १४ उतरलं. त्याला एक हात होता, जमीन किती घट्ट आहे ते दाबून बघायला. कॅमेऱ्याचं झाकण उडून पडायचं होतं, ते पडलं ते नेमकं त्या हाताखाली. हाताने इमानेइतबारे मोजमाप घेतलं, झाकणाचं! कोट्यवधी किलोमीटर जाऊनही झारीत कोण बसलेला होता ते बघा.

आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४मध्ये १२३६ कोटींची मंजुरी मिळाली, २०२८ची वेळ ठरवलीय. ते यान घिरट्या घालणार, आणि रडारने त्या ढगांच्या आतून जमीन बघणार.

बरं, आठ वाजून गेले. दुर्बीण लहान आहे, रांग लावा, मुलांना आधी सोडा. आत्ता तो अर्धा दिसेल, सप्तमी-अष्टमीच्या चंद्रासारखा. दर वर्षी कोणीतरी मला म्हणतं, सर, तुम्ही चंद्राकडेच लावलीय. तर बघायच्या आधी एकदा वर मान करून चंद्र कुठे आहे ते पाहून घ्या. आणि ते गेटावरचे दिवे कोणीतरी बंद करा हो.