खिडकीपाशी बसून खेळायचं यंत्र

नमस्कार, श्रोतेहो.

दोन महिन्यांपूर्वी जुन्या सामानाचं एक खोकं आवरायला घेतलं आणि तळाशी ओळखीचं वजन हाताला लागलं. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं, हा गेम बॉय, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. करडा, जाडजूड, खालचा उजवा कोपरा तेवढा गोलसर. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजव्या अंगठ्याखाली किरमिजी रंगाची दोन गोल बटणं. लहानपणी मी आणि माझी ताई या यंत्रासाठी रडलो आहोत, अबोला धरला आहे, आणि एकाच पांघरुणात बसून समेटही केला आहे. मग मोठ्या झालो, आणि ते खोक्यात गेलं.

मागचं झाकण उघडलं तेव्हा जीव हळहळला. आतले सेल फुटले होते. पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवट पूड चढली होती. श्रोतेहो, तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र पडून असेल तर त्यातले सेल आजच काढून ठेवा. भाषण संपायची वाट पाहू नका. माझ्या पट्ट्या वाचल्या, कारण पूड वरवरच होती. व्हिनेगरमध्ये कापूस जरासा बुडवून ती काढली, मग अल्कोहोलने पुसून सगळं कोरडं केलं. चार नवे पेन्सिल सेल घातले, खेळाची कॅसेट खोचली, वरच्या कडेचं बटण सरकवलं. स्क्रीनच्या डावीकडचा लाल दिवा लागला.

पण वरून खाली उतरली ती नुसती एक काळी पट्टी. खाली आली आणि मध्यावर थांबली.

ही काळी पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा अर्थ ठाऊक आहे: यंत्र ठीक आहे, कॅसेट वाचता येत नाही. गेम बॉय सुरू होताना तो बनवणाऱ्या कंपनीचं, निंटेंडोचं, नाव वरून खाली सरकत येतं. ते नाव यंत्र कॅसेटमधून वाचून दाखवतं आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळलं तरच खेळ सुरू. संपर्काच्या पट्ट्यांवर मळ असला की वाचायला काहीच मिळत नाही आणि नावाच्या जागी काळा ठोकळा उरतो. लहानपणी आम्ही अशा वेळी कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. तसं करू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोनदा पुसलं आणि पुन्हा बटण सरकवलं. या वेळी नाव उतरलं, आणि तो दोन सुरांचा टिंग असा आवाज आला. पुढचे काही क्षण मला नीट दिसलं नाही, याचं कारण स्क्रीन नव्हती.

स्क्रीनचं कारण नंतर आलं. संध्याकाळ झाली होती. खोलीतला दिवा मागे होता आणि मला खेळ धड दिसेना. आधी वाटलं, स्क्रीन गेली. डावीकडची चकती फिरवून गडदपणा कमी-जास्त करून पाहिला. मग आठवलं, गेम बॉयच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नाहीच. बाहेरचा उजेड आत जातो, मागून परत येतो, आणि त्या उजेडावर आपण खेळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी बसले, यंत्र जरा तिरपं धरलं, आणि चित्र उमटलं.

आज मला या एका गोष्टीबद्दलच बोलायचं आहे. गेम बॉयमध्ये जे नाही, ते विसरून राहिलेलं नाही. कुणीतरी विचार करून ते बाहेर ठेवलं आहे. हे मला लहानपणी कळलं नव्हतं. तेव्हा मला त्याच्या हिरवट स्क्रीनचा रागच यायचा.

विचार करणाऱ्या माणसाचं नाव गुनपेई योकोई. ते १९६५ साली निंटेंडोत लागले तेव्हा ती पत्ते बनवणारी कंपनी होती, आणि योकोईंचं काम पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रं चालू ठेवायचं. फावल्या वेळात त्यांनी लांब-आखूड होणारा एक लाकडी पकडहात बनवला. तो कंपनीच्या अध्यक्षांच्या, हिरोशी यामाउचींच्या नजरेस पडला आणि खेळणं म्हणून बाजारात आला. देखभालीचा माणूस खेळणी घडवणारा झाला. पुढे १९८० मध्ये त्यांनी खिशात मावणारे गेम अँड वॉच आणले. त्यासाठी वापरली ती कॅल्क्युलेटरची स्क्रीन, कारण ती तेव्हा मुबलक आणि स्वस्त होती. अंगठ्याखालचं ते अधिकच्या चिन्हाचं बटणही त्यांचंच, १९८२ मधल्या एका गेम अँड वॉचसाठी केलेलं. आज व्हिडिओ गेमच्या बहुतेक यंत्रांचा कंट्रोलर हातात घ्या, ते बटण किंवा त्याचंच एखादं रूप त्याच्या डाव्या बाजूला सापडेल.

आपल्या कामाच्या पद्धतीला योकोईंनी एक नाव दिलं होतं. त्यात जपानी शब्द येतो ‘कारेता’. शब्दशः अर्थ सुकलेलं, वाळलेलं. पण तिथल्या अभियंत्यांच्या बोलण्यात तो वापरून वापरून पारखलेल्या तंत्रासाठी येतो. ज्याचे सगळे दोष उघडे पडून झाले आहेत, ज्याची किंमत उतरली आहे, जे आता दगा देणार नाही, असं तंत्र. मी त्याला मराठीत मुरलेलं म्हणेन. मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला नव्या वाटेने चालवायचं, ही ती पद्धत. जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी आलेला गेम बॉय हे तिचं सर्वांत मोठं उदाहरण. आठ बिटांचा प्रोसेसर, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि फिक्यापासून गडदपर्यंत चार छटा. बस्स.

त्याच वर्षी प्रतिस्पर्धी अटारी कंपनीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर. दोन्हींना रंगीत स्क्रीन, दोन्हींच्या स्क्रीनमागे दिवा. शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदीच गरीब दिसे. पण त्या दोघांना सहा-सहा सेल लागत आणि तेही चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास आरामात चाले. स्क्रीनमागे दिवा नाही म्हणून सेल टिकतात, सेल टिकतात म्हणून यंत्र प्रवासात नेता येतं, हलकं आणि स्वस्त राहतं, मुलांच्या हातात देताना मोठ्यांना धास्ती वाटत नाही. पुढच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटी ८६ लाखांहून अधिक गेम बॉय विकले गेले. आखाती युद्धात एका बराकीवर बाँब पडला, त्यात सापडून वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निंटेंडोच्या दुकानात कित्येक वर्षं मांडलेला होता. बाहेरचं प्लॅस्टिक जळालेलं, आणि आत टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायचा खेळ, चालू.

टेट्रिसबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलू द्या.

अलेक्सी पाजितनोव यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिला, इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या संगणकावर. त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवले. म्हणजे या खेळाचा जन्मच तुटपुंज्या साधनांवर झाला. हातातल्या यंत्रासाठी त्याचे हक्क मिळवायला व्हिडिओ गेमचे प्रकाशक हेंक रॉजर्स १९८९ मध्ये मॉस्कोला गेले, आणि अमेरिकेत प्रत्येक गेम बॉयसोबत टेट्रिसची कॅसेट मिळू लागली. गेम बॉय आणि टेट्रिस यांची जोडी इतकी जुळली याचं कारण मला परवा खिडकीत बसून उमगलं. गेम बॉयची स्क्रीन मंद आहे. काही वेगाने हललं की मागे त्याची सावली रेंगाळते. टेट्रिसचा तुकडा पायरी पायरीने उतरतो, त्यामुळे तिथे ही उणीव जाणवतच नाही. त्याला रंगही लागत नाहीत, आकार ओळखता आले की पुरे. सगळा खेळ ३२ किलोबाइटमध्ये मावतो. अलेक्सांद्र सेरेब्रोव या अंतराळवीराने १९९३ मध्ये गेम बॉय आणि टेट्रिस मीर या अंतराळ स्थानकावर नेले होते. जिथे वजनाचा हिशेब ग्रॅमात होतो तिथेही त्याला जागा मिळाली.

या कॅसेटची आणखी एक गोष्ट. तिच्यात काही साठवायची सोय नाही. तुम्ही कितीही गुण मिळवा, यंत्र बंद केलं की उच्चांक पुसला जातो. म्हणून ताईने एक वही केली होती. डावीकडे तिचे गुण, उजवीकडे माझे, आणि दोघींपैकी दुसरीने बघून केलेली सही. सहीशिवाय आकडा धरायचा नाही, हा तिचा नियम. आता मी एकटीच खेळते तर सही करायला कुणी नाही, आणि चांगला डाव झाला की ते फार जाणवतं.

तुम्ही म्हणाल, हाच खेळ फोनवरही खेळता येतो. येतो, आणि हुबेहूब येतो. जुने खेळ फोनवर आणि संगणकावर चालवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये थ्रीडीएस या निंटेंडोच्या नंतरच्या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद झालं, आणि तिथे विकत मिळणारे गेम बॉयचे कितीतरी खेळ एका दिवसात मिळेनासे झाले. अशा वेळी ते टिकवतात ही हौशी माणसंच. पण फोनवर टेट्रिस खेळताना मी खरोखर टेट्रिस खेळत नाही. वरून एक निरोप डोकावतो, मग दुसरा. बोट काचेवर फिरतं आणि आपण कळ दाबली की नाही हे बोटाला कळत नाही. गेम बॉयमध्ये बटण खाली जातं आणि परत वर येतं, डोळे वर न करता हाताला उत्तर मिळतं. तो कुणाशी जोडलेला नाही. त्याला माझं नाव नको, पत्ता नको, अद्ययावत होणं नको. बटण सरकवल्यावर काही सेकंदांत खेळ समोर असतो.

जुन्या गेम बॉयला नवी, मागून उजळणारी स्क्रीनही बसवता येते, अनेक जण बसवतात. मीही ती मागवायला निघाले होते. मग थांबले. बाहेरचा उजेड लागतो म्हणून मी खिडकीत बसते. ढग आला की चित्र फिकं होतं, मी मान वर करते, बाहेर बघते, पाठ सरळ करते. अंधारात, अंथरुणात, झोप टाळत मला हे यंत्र वापरताच येत नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी खुशाल नवी स्क्रीन बसवावी. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की योकोईंनी दिवा बाहेर ठेवला, तर तो बाहेरच राहू दे.

आवाजाबद्दल दोन वाक्यं. यंत्रात एकच छोटा स्पीकर आहे, पण हेडफोन लावले की आवाज डावा-उजवा असा वेगळा होतो. चार वाटांवरून, म्हणजे दोन साध्या सुरांच्या, एक लहरीची आणि एक खरखरीची, निंटेंडोचे संगीतकार हिरोकाझू तानाकांनी टेट्रिससाठी एक जुनं रशियन लोकगीत असं बसवलं आहे की ते दिवसभर डोक्यात घुमत राहतं.

आता खोक्यातली दुसरी कॅसेट. ‘लिंक्स अवेकनिंग’, १९९३ सालची, एका बेटावर अडकलेल्या लिंक नावाच्या मुलाच्या प्रवासाची. ती ताईची. हिच्यात मात्र खेळ साठवता येतो. आत एक चपटा बटणासारखा सेल असतो, आणि यंत्र बंद असतानाही तो कणभर वीज देत राहून तेवढी आठवण जागी ठेवतो. तो संपला की साठवलेलं सगळं गेलं. नवा सेल बसवायचा तर जुना सोल्डरिंगने सुटा करावा लागतो, आणि त्या वेळी वीज तुटली तरी तेच. एवढ्या वर्षांनी तो जिवंत असेल अशी मला आशा नव्हती. कॅसेट पुसली, लावली. पहिल्या ओळीत ताईचं नाव होतं.

मी पुढे काहीही दाबलं नाही. यंत्र बंद केलं आणि तिला फोन लावला.

“ताई, तुझा बेटावरचा खेळ अजून आहे.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू खेळली नाहीस ना?”

“नाही. नुसतं नाव बघितलं.”

“मी शेवटच्या डोंगराच्या पायथ्याशी होते. परीक्षा आल्या, आणि राहून गेलं.”

कॅसेटमधली नोंद संगणकावर उतरवून ठेवणारं छोटं उपकरण मिळतं. ते मी मागवलं आहे, म्हणजे सेल बदलताना काही हरवणार नाही. पण ताई म्हणाली, आधी मी तो डोंगर चढते, सेल त्यानंतर बदलू. रविवारी ती येणार आहे. सकाळीच ये, असं मी तिला सांगितलं आहे, कारण दुपारनंतर त्या खिडकीत उजेड राहत नाही. आणि येताना वही शोधून आण, असंही.

नमस्कार.