नंबर बंडलावरच आहे

नमस्कार श्रोतेहो. आमची आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या खोलीत, दाराशी उजेडाला बसून, मांडीवर सूप घेऊन. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. त्यातलीच एक वाकडी झालेली विडी मी पंधराव्या वर्षी पळवली आणि पुढं बावीस वर्षं ओढत राहिलो.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. स्टँड, स्टेशन, हॉटेल, दवाखाना, कचेरी, सगळीकडे. दंड २०० रुपयांपर्यंत. पुष्कळांना वाटतं ही बंदी सिगारेटला आहे. विडीसुद्धा त्यात येते.

मी एसटी स्टँडवर खांबाआड ओढायचो. एकदा बाकावरच्या एका बाईनं काही न बोलता लेकराच्या तोंडावर पदर धरला. मी विडी चपलेखाली चिरडली. पंढरपूरची गाडी लागेपर्यंत मात्र बाहेर जाऊन दुसरी पेटवली होती. त्या लेकरासाठी बंदी हवीच, ती कडक हवी. पण माझी तलफ बोर्ड वाचून जाणार नव्हती. निकोटिनची सवय शरीराला लागते, तिथं नुसती लाज पुरत नाही.

शेवटी मी तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळानं ओढता? म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. कुणी रागावलं नाही. सोडायची तारीख ठरवली, घरात सांगून टाकलं. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं काढायची. मी लवंग चघळायचो, पाणी प्यायचो, कापड विणायच्या मागांमधून एक फेरी मारायचो. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले, बायकोवर विनाकारण ओरडलो. गड्ड्याच्या यात्रेत मित्रांत एक ओढलीही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. घसरलात तरी पुन्हा फोन करा, हे मुद्दाम सांगतोय.

विड्या वळणाऱ्या बायांच्या पोटाचं काय, हे मला कुणी विचारायला नको. आमचं घर त्यावरच चाललं. त्यांना दुसरं काम मिळालंच पाहिजे. पण त्यांच्याच घरातल्या माणसांच्या छातीत हा धूर जातोय, हेही मी पाहिलंय.

लिहून घ्या: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पेन नसेल तर खिशातलं बंडल काढा, नंबर त्यावरच छापलाय.