ओ दे ना

(काळोख. सकाळचे साडेसहा. फक्त आवाज : दोन सुरांची शीळ. शांतता. पुन्हा तीच शीळ.)

ही शीळ आमच्या घरात रोज याच वेळेला येते. पिंजऱ्यावर अजून कापड आहे. खिडकीखाली ठाण्याचा रस्ता जेमतेम जागा होतोय. शीळ दोन सुरांची, पहिला सूर खाली, दुसरा चढा. मग ती थांबते, वाट बघते. उत्तर आलं नाही तर पुन्हा, जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळेला आई स्वयंपाकघरातून म्हणते, "अगं, कधीची हाक मारतेय ती. ओ दे ना."

मी ओ देते. तीच शीळ, माझ्या तोंडून, थोडी बेसूर. कापडाखाली पंख झटकल्याचा आवाज येतो आणि आमचा दिवस सुरू होतो.

(कापड बाजूला होतं. राखाडी पक्षी, डोक्यावर उभा तुरा, गालावर केशरी ठिपका.)

हिचं नाव बंड्या. जात कॉकटील, पोपटाच्या कुळातला छोटा पक्षी. मूळ देश ऑस्ट्रेलिया, पण हिचा जन्म पिंजऱ्यातला, हिच्या आईबापांचाही. वजन ९० ग्रॅम. वय ६ वर्षं. नीट सांभाळलं तर १५ ते २० वर्षं जगेल. घरात पक्षी आणायचा विचार असेल त्यांनी हा आकडा सगळ्यात आधी ऐकावा. आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे बजरीगर ५ ते १० वर्षं काढतात. आफ्रिकन ग्रे ४० ते ५०. तो पोपट आणणाऱ्यानं आपल्यामागे त्याचं कोण करणार, हेही त्याच दिवशी ठरवायला हवं.

(जुना कृष्णधवल फोटो : कौलारू घर, पडवी.)

पोपट म्हटलं की मला अजून आजोळचा मिठू आठवतो. सातारा जिल्ह्यातलं घर. पडवीत टांगलेला लोखंडी पिंजरा, गोल, वरून घुमटासारखा. आत हिरवा राघू, गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी. आजी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची घालायची. त्याला तिखट कसं लागत नाही, याचं आम्हा पोरांना भारी नवल. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे खूप नंतर कळलं.

येणारा-जाणारा प्रत्येक जण पिंजऱ्यासमोर थांबून म्हणायचा, "विठू विठू म्हण." तो म्हणायचा. माणसं हसायची आणि आत चहाला जायची. मग तो पुन्हा म्हणायचा. पुन्हा. त्याला कोणी ओ देत नव्हतं.

त्याच्या शेपटीची पिसं तारांना घासून तुटलेली असायची. दुपारी घर झोपलं की तो एकाच जागी उभा राहून मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत बसायचा. आम्ही म्हणायचो, मिठू नाचतोय. ती त्याची तगमग होती. हे मला कळलं ते बंड्या घरी आल्यावर, पशुवैद्यांना खोदून खोदून विचारल्यावर. आजी मायाळू होती. स्वतः जेवायच्या आधी ती त्याच्या वाटीत घास टाकायची. पण थव्यात राहणाऱ्या पाखराला एकट्यानं ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

(संध्याकाळ. रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष. पोपटांचे थवे येऊन उतरताहेत, मोठा कलकलाट.)

थवा म्हणजे काय ते इथे बघा. दिवसभर चरून आलेले राघू रातथाऱ्याच्या झाडावर उतरताहेत. आपल्याला हा नुसता कलकलाट वाटतो. खरं तर यात हाका आहेत आणि ओ आहेत. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या हिरव्या पोपटावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे असं दिसलं की घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाची हाक वेगळी असते आणि पिल्लं ती आईबापांकडून उचलतात. आपण बारशाला नाव ठेवतो, तसंच काहीसं.

पोपट माणसाची भाषा का उचलतो, याचं उत्तर मला यात सापडतं. आजूबाजूला जो थवा असेल त्याच्या हाका शिकायच्या, ही त्याची जात. मिठूचा थवा आम्ही होतो. आमची हाक 'विठू' होती. ती त्यानं शिकून घेतली आणि आयुष्यभर आम्हाला मारली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा कंठीवाला राघू, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा करण पोपट, किंवा आपल्या रानातला कुठलाही देशी पोपट घरी पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. विकणं गुन्हा, विकत घेणंही गुन्हा. बाजारात टोपलीखाली लपवून विकलेलं पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढून आणलेलं असतं, बहुतेकदा पिसंही न फुटलेलं. दया येऊन ते विकत घेतलं, तरी पुढच्या पिल्लासाठी कोणीतरी झाडावर चढणारच. असं पिल्लू दिसलं, कोणाच्या घरी वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेला राघू दिसला, तर महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक आहे, १९२६. आणि पिंजऱ्यात वाढलेला राघू कीव येऊन परस्पर सोडून देऊ नका. त्याला ना अन्न शोधता येतं, ना घार ओळखता येते.

परदेशी पक्ष्यांसाठीही आता नियम आहेत. आफ्रिकन ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार रानातून झालेल्या बेसुमार पकडीमुळे २०१७ पासून जवळपास बंद आहे. अशा जातींचा पक्षी घरी असेल तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. घेण्याआधी कागद मागा. कागद नसतील तर पक्षी घेऊ नका.

(स्वयंपाकघर. ओट्यावर छोटा डिजिटल काटा. बंड्या त्यावर चढते. आकडा : ९१.)

हा काटा आमच्या घरात केकसाठी आणला होता. आता तो बंड्याचा. रोज सकाळी, खाण्याआधी, वजन. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. दुधाचा हिशोब त्याच्या शेजारी.

याला कारण आहे. बंड्या आणली तेव्हा विकणारा म्हणाला, "दाणे खातो, काही बघायला नको." मीही विश्वास ठेवला. पिल्लू दिवसभर वाटीत चोच घालायचं, दाणे उडवायचं. मला वाटलं, खातंय. प्रत्यक्षात ते दाणे सोलायलाही शिकलेलं नव्हतं. अजून हातानं भरवण्याच्या वयाचं होतं. चौथ्या दिवशी ते पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलं. डॉक्टरांनी वजन केलं, ६२ ग्रॅम. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं.

पुढचे तीन आठवडे मी आणि आई आळीपाळीनं उठत होतो. पिल्लांसाठीचं तयार पीठ, कोमट पाणी, सिरिंज. पेज फार गरम झाली तर पिल्लाची अन्नाची पिशवी भाजते, गार असली तर आत तशीच पडून राहते, आंबते. आई मनगटावर थेंब टाकून बघायची, बाळाच्या दुधासारखा.

बादशहाच्या पोपटाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तो खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही. पण मेला असं म्हणायचं कोणी? पक्षी पाळणाऱ्याला ही गोष्ट वेगळीच लागते. रानात आजारी दिसलेला पक्षी आधी मारला जातो, म्हणून पक्षी दुखणं शेवटपर्यंत लपवतो. खाणं थांबलेलं आपल्याला दिसतं, तोवर बरेच दिवस गेलेले असतात. काट्यावरचा आकडा मात्र दुखणं लपवू देत नाही.

(वाटीत राळे, बाजरी. शेजारी बारीक चिरलेली मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याची फोड.)

नुसते दाणे आणि सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर पोपट आवडीनं खातो आणि आतून कुपोषित होतो. अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. म्हणून मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा. सुरुवातीला बंड्या ताटलीकडे ढुंकूनही बघत नव्हती. मग आई तिच्यासमोर बसून मेथीचं पान चघळायला लागली, अगदी चवीनं. चौथ्या दिवशी बंड्यानं आईच्या ओठातलं पान ओढून घेतलं. थवा खातो ते खायचं, एवढंच तिला कळायला हवं होतं. (आता आम्ही पान हातातूनच देतो. माणसाची लाळ पक्ष्याच्या पोटात जाऊ नये.) ॲव्होकॅडो, चॉकलेट, खारवलेले पदार्थ यांतलं काहीही कधीच नाही.

(फोडणीचा चर्र आवाज. स्वयंपाकघराचं दार बंद होतं.)

पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असतात. त्यातून हवा एकाच दिशेनं वाहते, शरीरात हवेच्या पिशव्या असतात. उडायला ताकद लागते, त्यासाठी ही सोय. पण चांगली हवा जितकी झटपट आत जाते, तितकंच विषही. गॅसवर विसरलेला रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या लेपातून जे वायू निघतात, त्यांनी दुसऱ्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. आमच्याकडे आता बिडाचा तवा आहे. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा बंद. आईनं देवापुढचा कापूर बंद केला तेव्हा मला भरून आलं होतं. ती म्हणाली, "देवाला निरांजन चालतं."

आणि पंखा. छताचा पंखा हा आपल्या घरांतला पोपटांचा मोठा वैरी. बंड्या बाहेर असताना आमच्याकडे पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी असते. मे महिन्यातसुद्धा.

(पिंजऱ्याच्या तळाशी, कागदावर, एक पांढरं अंडं.)

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हे दिसलं. तोवर बंड्या 'तो' होता. नाव तेच राहिलं, क्रियापदं बदलली. नर नसतानाही मादी अंडी घालते, आणि प्रत्येक अंड्याला अंगातलं कॅल्शियम खर्ची पडतं. ते कमी पडलं तर अंडं आतच अडकतं आणि जीवावर बेततं. डॉक्टरांनी समुद्रफेस द्यायला सांगितला. माकळीच्या जातीतल्या समुद्री जिवाचं हे आतलं कवच. कोकणात किनाऱ्यावर पडलेलं मिळतं, काष्ठौषधीच्या दुकानातही. शिवाय तिला सोफ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरू द्यायचं नाही, आणि संध्याकाळी लवकर दिवे मालवायचे. दिवस मोठा झाला की पक्ष्याला विणीचा हंगाम आला असं वाटतं.

(दार. कुलूप उघडल्याचा आवाज. आतून शीळ.)

कामावरून यायला मला सात वाजतात. लिफ्टचं दार वाजलं की आतून शीळ येते. मी बूट काढायच्या आधी ओ देते. मग एक तास तिचा. खांद्यावर बसून ती माझ्या कानामागचे केस एकेक करून चोचीतून काढते, जसं तिनं दुसऱ्या कॉकटीलचं पीस साफ केलं असतं. मान खाली घालते, म्हणजे आता माझी पाळी. डोक्यावर नव्या पिसांची टोकं आलेली असतात, पांढऱ्या मेणचट नळीतली. ती नखानं हलकेच चुरायची. तिथे तिची स्वतःची चोच पोचत नाही.

आठवड्यातून एखादा दिवस मला यायला नऊ वाजतात. त्या दिवशी आई ओ देते. आम्ही दोघीही नसू असा दिवस गेल्या सहा वर्षांत क्वचितच आलाय, आणि त्यामुळे काही लग्नं, एक काशीयात्रा राहून गेली. त्याचं आईला काही वाटत नाही. मला कधीकधी वाटतं.

(रात्र. आठ वाजलेत. दिवा मंद. आई पिंजऱ्यावर कापड घालते, एक कोपरा उघडा ठेवते. पूर्ण अंधारात बंड्या दचकते.)

आता साडेदहा तास झोप. कापडाखालून शेवटची शीळ येते, सकाळपेक्षा हळू. आई ओ देते. तिला शीळ घालता येत नाही, ती नुसतं "ओ" म्हणते.

(शांतता. मग बारीक आवाज : करकर, करकर.)

हा आवाज चोचीचा. चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासत पक्षी झोपी जातो. पोट भरलेलं असलं, भीती नसली की.

(करकर हळूहळू थांबते. काळोख.)