त्रैक्य: आधी प्रार्थना, मग सिद्धान्त

अध्यक्षमहोदय आणि बंधुभगिनींनो,

'पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि श्रद्धावंताचे जीवन' असा आजचा विषय जाहीर झाला आहे. त्याच्या उत्तरार्धाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी, अनेक वर्षे मनात घोळत असलेली एक गोष्ट मला आपल्यासमोर मांडायची आहे. विद्वानांनी त्रैक्याचा सिद्धान्त आधी रचला आणि मग तो सामान्य माणसांच्या प्रार्थनेत उतरवला, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात घडले ते उलट. प्रेषित पौलाने करिंथकरांना दुसरे पत्र लिहिले ते इ.स. 55 च्या आसपास, आणि त्या पत्राच्या शेवटी प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता एकाच आशीर्वादात आलेली आहेत. हा सिद्धान्त ठरवणारी बिशपांची नायसियाची परिषद भरली 325 मध्ये. म्हणजे सिद्धान्ताची भाषा ठरण्यापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे लोक पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना हाक मारत होते आणि त्या श्रद्धेपायी प्रसंगी प्राणही देत होते.

हा क्रम विसरला, की त्रैक्य हे न सुटणारे गणित होऊन बसते. मग मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु एकच देव वेळोवेळी निरनिराळी रूपे घेतो, हे साबेल्लियसच्या नावाने ओळखले जाणारे मत मंडळीने, म्हणजे चर्चने, तिसऱ्या शतकातच नाकारले आहे. ते खरे मानले, तर क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत पुत्र प्रार्थना करतो ती कोणाकडे? या चुकीच्या दाखल्याहूनही मला अधिक दुःख होते ते 'हे गूढ आहे, प्रश्न विचारू नका' या उत्तराचे. लहानपणी मी ते ऐकले आहे, आणि आजही आपली हुशार मुले ते ऐकून गप्प बसताना मी पाहतो.

या संदर्भात मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात, आणि त्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलण्याची आपण परवानगी द्यावी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईवडिलांकडून संस्कृत शिकली, दुष्काळात तिने दोघांनाही गमावले, आणि कलकत्त्याच्या पंडितांनी तिच्या विद्वत्तेला मान दिला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाकडे त्या राहत होत्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्रैक्याविषयीच्या त्यांच्या शंका पत्रांतून उघड होऊ लागल्या. मंडळी जे शिकवते त्याला पवित्र शास्त्रात आधार कोठे आहे, हे त्यांना स्वतः पडताळून पाहायचे होते. ज्या धार्मिक कुळात त्या वाढल्या, तेथे ग्रंथाचे प्रमाण मागणे हा अभ्यासाचाच भाग होता, उर्मटपणा नव्हे. वाँटेजच्या संघातील सिस्टर जेराल्डीन यांना मात्र त्यात अहंकार दिसला. त्यावर रमाबाईंनी आपले म्हणणे स्पष्ट कळवले: भारतातील पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घ्यायची माझी तयारी नाही.

त्या काळी इंग्लंडच्या मंडळीत वर्षातून तेरा दिवस, त्रैक्याला वाहिलेल्या त्रैक्य रविवारी तर नक्कीच, चौथ्या शतकातील बिशप अथनासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, म्हणण्याचा नियम होता. (तो अथनासियसने लिहिलेला नाही, हे आता सर्वमान्य आहे.) हा विश्वास जो अखंड राखणार नाही त्याचा सर्वकाळचा नाश होईल, अशा इशाऱ्याने त्याची सुरुवात होते. जिचे आईवडील ख्रिस्ताचे नाव न घेता वारले, त्या मुलीच्या कानांवर हे शब्द कसे पडले असतील, याचा विचार आपण करावा. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी निराळी वाट धरली. त्यांनी रमाबाईंचे प्रश्न गंभीरपणे घेतले आणि पत्रांतून सावकाश उत्तरे दिली. आपल्या प्रत्येक मंडळीत अशा एखाद्या बीलबाई असाव्यात, असे मला मनापासून वाटते.

रमाबाईंचा प्रश्न केवळ युक्तिवादाने सुटला नाही. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला होता, ख्रिस्त नंतर भेटला. ती साक्ष लिहिण्यापूर्वी, 1905 मध्ये, केडगावच्या मुक्ती सदनात पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांमध्ये मोठी जागृती झाली, ती त्यांच्याच छत्राखाली. शंका मोकळेपणाने बोलून दाखवणारी स्त्री प्रार्थनेच्या वाटेने येथवर आली, म्हणून मी तिला त्रैक्याच्या शिक्षिकांमध्ये गणतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेल्या विषयाला उरलेल्या वेळात जेवढा न्याय देता येईल तेवढा देतो.

अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणे, की पुत्र ही निर्मिती आहे, सर्वांत श्रेष्ठ असली तरी निर्मितीच. नायसियाने हे नाकारले, आणि त्या निर्णयासाठी अथनासियसने पाच वेळा हद्दपारी सोसली. एकूण सुमारे सतरा वर्षे. एवढा अट्टहास कशासाठी? कारण क्रुसावर आपल्यासाठी दुःख सोसणारा जर देव नसेल, तर देवाने दुसऱ्याच कोणाला पुढे केले आणि स्वतः दूर राहिला, असा अर्थ होतो. श्रद्धावंताला मिळणारा सारा दिलासा या एका मुद्द्यावर उभा आहे.

आत्म्याविषयीचा वाद तर थेट उपासनेतच पेटला. कैसरियाचा बिशप बसील स्तुतिगानात पिता व पुत्र यांच्याबरोबर आत्म्याचाही गौरव करी, त्यावर आक्षेप आले, आणि 375 च्या सुमारास त्याने आत्म्यावरचा आपला ग्रंथ लिहिला. याच बसीलने दुष्काळात धान्य साठवणाऱ्यांना खडसावले होते, आणि गावाबाहेर आजारी व निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली होती. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत. जगाच्या स्थापनेपूर्वी पित्याने पुत्रावर प्रीती केली, असे योहानाच्या सतराव्या अध्यायात आहे; प्रीती हे देवाचे स्वतःचे जीवनच असेल, तर त्याच्या भक्ताला स्वतःपुरते जगता येणार नाही. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याच्या गौरवाला मान्यता दिली, तोवर बसील वारला होता.

राहिली प्रार्थना. आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो. म्हणजे शब्द सुचत नसलेला, थकलेला माणूसही पुत्राच्या नावाने आणि आत्म्याच्या साहाय्याने पित्यासमोर उभा असतो.

येत्या त्रैक्य रविवारी उपदेशानंतर तरुणांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी येथे जमलेल्या सर्व पाळकांना माझी विनंती आहे.