सरकार कुणापुढे बळकट हवं?

मित्रहो, आजचा विषय आहे ‘मोठ्या समाजाला बळकट सरकार लागतं का?’ माझं उत्तर ‘लागतं’ असं आहे. ते का, हे सांगायच्या आधी मला कन्व्हेयन्सबद्दल, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होण्याबद्दल, बोलायचंय. पुढच्या दोन रांगा हसल्या, म्हणजे त्यांच्याही सोसायट्यांचं घोडं तिथंच अडलेलं दिसतंय.

१९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांना बांधणारा महाराष्ट्राचा कायदा, सांगतो की करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची. आमची सोसायटी घोडबंदर रोडला. नोंदणी झाली, चार महिने गेले, मग वर्षं गेली. बिल्डरच्या ऑफिसात गेलं की चहा मिळायचा आणि ‘शेठ साइटवर गेलेत’ एवढं उत्तर. कारण उघड होतं. प्लॉटवर एफएसआय, म्हणजे आणखी बांधकाम करायची परवानगी, शिल्लक होता. जमीन त्याच्या नावावर राहिली, तर आमची पोरं जिथं क्रिकेट खेळायची त्या मोकळ्या जागेत उद्या आणखी एक विंग उठवता येणार होती. थांबायला त्याला दमडी खर्च नव्हता. उलट दरवर्षी जमिनीचा भाव चढत होता. वकिलासाठी आम्हाला मात्र घरटी वर्गणी काढावी लागे. त्यातही दोन-चार घरं म्हणायची, ‘राहतोय ना आपण, मग कशाला कटकट?’ आमचे सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येक फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा असं सगळं लावून एक फाइल केली. एवढी नेटकी फाइल मी सरकारी कचेरीतही पाहिलेली नाही. बिल्डरनं ती उघडूनसुद्धा बघितली नाही.

मग मोफा कायद्यात २००८ ची दुरुस्ती आली: मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीविना होणारं कन्व्हेयन्स. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीनं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. नोटीस मिळूनही तो सुनावणीला फिरकला नाही, तरी आदेश निघू शकतो. आमचं काम त्या वाटेनं झालं. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. पंचेचाळीस वर्षं कायदा होताच, पण गप्प बसणाऱ्याचा त्यात फायदा होता. गप्प बसणं फायद्याचं राहिलं नाही, त्या दिवशी कायद्याला दात आले.

चाळीत भांडणं बैठकीत मिटतात, कारण समोरचा माणूस उद्या सकाळी नळावर भेटणार असतो. ठाणे शहर २०११ च्या जनगणनेतच अठरा लाखांच्या वर होतं. इथं ज्याच्याशी आपला झगडा आहे तो आपल्या गल्लीत राहत नाही, त्याला आपल्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. त्याला हजर करील असं कुणीतरी लागतं.

हे आजचं नाही. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मले. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारच्या फॅक्टरी आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. मालक म्हणत, कायदा नको, धंदा बुडेल. गंमत बघा, लँकेशायरच्या गिरणीमालकांना मात्र हिंदुस्थानात कायदा हवा होता, कारण मुंबईचा स्वस्त माल त्यांना जड जात होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी पैसेवालेच बोलत होते. तिसरा आवाज लोखंड्यांनी नेला. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मूळ मुद्दे भराभर सांगतो.

एक, सरकार दुबळं झालं म्हणून माणूस मोकळा होत नाही. ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे त्याची सत्ता येते. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही होते. नियम पुस्तकात होते, ते राबवणारेच फितूर निघाले.

दोन, बळकट कुणापुढे? जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. ते बळ मला नको. त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभ्या राहिलेल्या त्या माणसांनी गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड झगडून मिळवले. बळकट सरकारला लोकांनीच असं धरून ठेवावं लागतं.

तीन, रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर आलेला कायदा. २०१७ पासून ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. चांगली तरतूद आहे. पण बिल्डरनं पैसे परत करावेत असा आदेश झाला की वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथं इतर शंभर कामांच्या रांगेत लागतं. या वसुलीला स्वतंत्र माणसं द्या, आणि किती रक्कम प्रत्यक्ष ग्राहकाच्या हातात पडली ते जिल्हावार दर महिन्याला जाहीर करा. या मागणीचं सरकारला द्यायचं पत्र मी लिहून आणलंय. सह्या करायच्या असतील त्यांच्यासाठी प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत.