कन्व्हेयन्स न झालेले सॉफ्टवेअर

मित्रहो, ओपन सोर्स म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेले सॉफ्टवेअर निवडताना आपण त्याचा परवाना वाचतो; तो एमआयटी, बीएसडी किंवा अपाचे असला की निश्चिंत होतो आणि कामाला लागतो. गेल्या सहा-सात वर्षांतील घडामोडी पाहता ही निश्चिंती मला अपुरी वाटते. परवाना आज काय आहे यापेक्षा तो उद्या बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे आधी तपासायला हवे. त्यासाठी मी रेडिस या डेटाबेसचे उदाहरण थोडे सविस्तर मांडणार आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या प्रणालींत ते कुठे ना कुठे बसलेले आहे.

सिसिलीचे साल्वातोरे सान्फिलिप्पो यांना संकेतस्थळावरील वाचकांच्या हालचाली क्षणोक्षणी दाखवणारी एक सेवा चालवायची होती आणि नेहमीचा डेटाबेस त्या वेगाला पुरा पडत नव्हता. म्हणून त्यांनी माहिती डिस्कऐवजी मेमरीत ठेवणारा डेटाबेस स्वतःच लिहिला आणि 2009 मध्ये बीएसडी परवान्याखाली खुला केला. हा परवाना अत्यंत उदार आहे. मूळ लेखकाचा उल्लेख राखला की सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका, हवे तर स्वतःच्या बंदिस्त उत्पादनात घाला. कोणाची हरकत नाही. रेडिस जगभर पसरण्यात या उदारपणाचा वाटा मोठा होता. आज रेडिस लिमिटेड म्हणून ओळखली जाणारी कंपनी त्याभोवतीच उभी राहिली आणि अ‍ॅमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांनीही तेच रेडिस सेवा म्हणून विकायला घेतले.

कंपनीची तक्रार इथून सुरू झाली: विकासाचा खर्च आम्ही करायचा आणि नफा क्लाउडवाल्यांनी न्यायचा. या तक्रारीत तथ्य आहे. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने याच कारणासाठी ऑक्टोबर 2018 मध्ये एजीपीएल (सेवा म्हणून चालवतानाही सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल खुले करायला लावणारा परवाना) सोडून एसएसपीएल हा नवा परवाना आणला. त्याची अट अशी, की हे सॉफ्टवेअर तुम्ही सेवा म्हणून पुरवलेत, तर त्या सेवेच्या व्यवस्थापनाचा, देखरेखीचा, बॅकअपचा सगळा कोड तुम्हीही खुला केला पाहिजे. कागदावर ही अट खुलेपणाची वाटते, परंतु कोणतीही क्लाउड कंपनी ती पाळणार नाही हे गृहीत धरूनच ती लिहिलेली आहे, असे माझे मत आहे. जानेवारी 2021 मध्ये शोधासाठीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकने आणि मार्च 2024 मध्ये रेडिसने हाच परवाना, सोबत स्वतःचा एकेक पर्यायी परवाना देऊन, स्वीकारला. रेडिसचा गाभा बीएसडीखालीच राहील, अशी ग्वाही कंपनीने 2018 मध्ये दिली होती. अर्थात कंपनीची ग्वाही आणि परवान्यातील कलम यांत फरक असतो.

आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांना हा प्रकार नवा नाही. सदनिका विकल्या जातात, सोसायटी नोंदवली जाते, सभासद वर्षानुवर्षे देखभालीचा खर्च भरतात. मात्र कन्व्हेयन्स झालेला नसतो, जमीन बिल्डरच्याच नावावर राहते आणि वाढीव एफएसआय मिळाला की ते सगळ्यांच्या लक्षात येते.

सॉफ्टवेअरमधला हा मालकी हक्क कुठे असतो? कंपन्यांनी चालवलेल्या अनेक प्रकल्पांत कोडचे योगदान देणाऱ्याकडून एक करार घेतला जातो, ज्याला सीएलए म्हणतात. त्यानुसार तुमच्या कोडला पुढे कोणताही परवाना लावण्याची मुभा कंपनीला मिळते. इलास्टिककडे असा करार होता. रेडिसच्या बाबतीत त्याचीही गरज पडली नाही. बीएसडीने अ‍ॅमेझॉनला जी मोकळीक दिली होती तीच रेडिस लिमिटेडलाही दिली होती, आणि नावाचा ट्रेडमार्क कंपनीकडेच होता. याउलट लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, पाहा. त्याचा स्वामित्व हक्क हजारो लोकांत विखुरलेला आहे. त्याचा परवाना असलेल्या जीपीएलची तिसरी आवृत्ती 2007 मध्ये आली तेव्हा कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना तिसरी आवृत्ती पसंत नव्हती हे खरे, पण पसंत असती तरी एवढ्या सगळ्यांची संमती गोळा करणे जवळजवळ अशक्यच होते.

रेडिसचा परवाना बदलल्यावर काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क, म्हणजे रेडिसच्याच कोडपासून निघालेला स्वतंत्र प्रकल्प, जाहीर झाला. अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल आणि एरिक्सन यांनी त्याला पाठिंबा दिला. रेडिसच्या गाभ्यावर काम करणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या मॅडेलिन ओल्सन तिकडे गेल्या. क्लाउड कंपन्या फक्त फुकट खातात हे चित्र किती अर्धवट आहे ते यावरून दिसते; त्यांचे अभियंते आधीपासून रेडिसचा कोड लिहीत होतेच. ज्यांना अडवण्यासाठी परवाना बदलला, त्यांनाच एकत्र येण्याचे निमित्त मिळाले.

पुढे माघारही झाली. ऑगस्ट 2024 मध्ये इलास्टिकने आणि मे 2025 मध्ये रेडिस 8 सोबत रेडिसने एजीपीएलचा पर्याय उपलब्ध करून दिला. दरम्यान सान्फिलिप्पो स्वतःही कंपनीत परतले होते. एजीपीएल हा मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना आहे, तेव्हा त्या अर्थाने रेडिस पुन्हा खुले झाले आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु रेडिसला कोड द्यायचा असेल तर आता सीएलए मान्य करावा लागतो, म्हणजे उद्या पुन्हा परवाना बदलायचा झाल्यास कंपनीला कोणाला विचारावे लागणार नाही. वाल्कीत योगदान देणारा फक्त हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे एवढी ग्वाही देऊन सही करतो. परवाना तिथेही बीएसडीच आहे, त्यामुळे वाल्कीचा कोड घेऊन कोणी बंदिस्त उत्पादन काढलेच तर ते कायदेशीर ठरेल. मात्र वाल्की हे नाव आणि मूळ प्रकल्प एकट्या कंपनीला आपल्यासोबत नेता येणार नाही.